हादग्याची गाणी आणि सर्व्हर

दसऱ्याच्या सकाळी सातारा स्टँडवर एक नवरा-बायको इस्लामपूरच्या गाडीची वाट पाहत होते. दोघांच्या मधे पोत्यात गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर होता.

"अहो, तुमच्या त्या इस्लामपूरच्या मित्राला तरी लिनक्स येतं ना?"

"माझ्यापेक्षा बरं येतं. मी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर शिकलेला."

"याचा स्वस्तात सर्व्हर करतो म्हणालात, सगळ्या फायली एका जागी. माझ्या आईची हादग्याची गाणीसुद्धा."

"चालत होता गं छान. काल खंडेनवमीला आबांनी चालू सर्व्हरची वायर उपसली."

"पूजेच्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा. पलटणीतली रीत त्यांची."

"आणि डिस्क बिघडली. फ्लॉपीवर नाहीत गाणी?"

"आता फ्लॉपी कशाला, म्हणालात. मी त्यांच्यावर गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका भरल्या."

"नाहीच निघाली, तर आईंना पुन्हा विचारू."

"आईला हल्ली माझं नाव सांगावं लागतं."

नवऱ्यानं पोत्याची सैल झालेली दोरी आवळली.

"निघताना आबा विचारत होते, सूनबाई, ऐन सणाला हे कुठं नेताय?"

"मग? डिस्क बिघडल्याचं सांगितलंस?"

"छे हो! म्हटलं, काल पूजा घेतलीय त्यानं, आज सीमोल्लंघनाला नेतोय. हसले बिचारे. धरा पोतं, गाडी लागली."