विहिरीखालचा तुकडा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला बोलता येत नाही असं नाही. माझ्या तोंडाला सगळं गाव घाबरतं. पण आज सख्ख्या भावाच्या फोटोसमोर उभी आहे, आणि तोंड उघडलं की रडू येईल की शिवी येईल, माझं मलाच ठाऊक नाही. सांभाळून घ्या.

गणपती गेले आणि पाठोपाठ दादा गेला. मघापासून सगळे म्हणताहेत, ‘फुलपाखरांचा माणूस गेला.’ मागे फलकही लावलाय. छान आहे. फक्त त्यावरचं फुलपाखरू परदेशातलं आहे. आपल्या रानात ते कधी दिसलेलंच नाही. दादा असता तर पोट धरून हसला असता. मला हसू येत नाही.

दादा नेमकं काय करायचा, ठाऊक आहे कोणाला? कचेरीतून निवृत्त झाला आणि दर रविवारी देवळापासून विहिरीपर्यंतची पाखाडी चालायला लागला. तीच वाट, तीच वेळ, तीच सावकाश चाल. दिसेल ते फुलपाखरू लिहायचं. वर्षानुवर्षं तेच. मुंबईची मंडळी उत्साहानं फोन करायची, ‘काका, आज अगदी दुर्मीळ फुलपाखरू दिसलं!’ दादा म्हणायचा, ‘वा! आणि टाकळ्यावरची साधी पिवळी होती का?’ ती त्यांनी बघितलेलीच नसायची. दादा मला म्हणायचा, ‘शालू, साधी कमी झाली की समजायचं रानाचं काहीतरी बिघडलंय. माणसाला ते फार उशिरा कळतं.’

गणपतीआधी वाट बेणायची, दोन्हीकडचं रान कापून काढायचं, ही आपली रीत. दादानं हात जोडून एवढंच मागितलं होतं, एक बाजू यंदा बेणा, दुसरी पुढच्या वर्षी. टाकळ्यावर, रुईवर अळ्या असतात. त्याच कापल्या तर फुलपाखरं कुठून येणार? तुम्ही हसलात, पण पाळलंत. ‘वेडा आहे, पण आपला आहे,’ म्हणालात. खोटं कशाला बोलू, पाळलंत.

आणि यंदा? यंदा दादा अलिबागला दवाखान्यात होता. श्रावणात घरी आणला, तर पाखाडी दोन्ही बाजूंनी करपलेली. तणनाशक मारलेलं. पोरं धावत आली. ‘काका, तुमच्यासाठीच वाट मोकळी केली. पायात जनावर-बिनावर नको!’ दादा म्हणाला, ‘बरं केलंत हो, पोरांनो.’ घरात आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मी बाहेर जायला निघाले, तर म्हणाला, ‘शालू, ओरडू नकोस. प्रेमानं केलंय त्यांनी.’

प्रेमानं केलंय! प्रेमानं मारलं म्हणून मेलेलं उठतं का?

तरी गणपती गेल्यावर पहिल्याच रविवारी काठी घेऊन निघाला. मी म्हटलं, ‘दादा, आता काय आहे तिथं बघायला?’ म्हणाला, ‘काही नाही दिसलं, तर तेही लिहायचं असतं. असलेलंच लिहीत बसलो, तर गेलेलं कोणाला कळणार?’ देवळापासून विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. एक फुलपाखरू नाही. जेवला नाही. डॉक्टर म्हणतात हृदय. असेल. मी डॉक्टर नाही.

आता ऐका. पाखाडी संपते त्याच्या पुढे, विहिरीखालचा एक तुकडा वाचलाय. कोणाला दया आली म्हणून नव्हे, औषध संपलं म्हणून. तिथं टाकळा आहे, रुई आहे, अळ्या आहेत. आणि मघाशी सरपंचांनी जाहीर केलं, त्याच जागी दादाच्या नावानं फुलपाखरू उद्यान. हिरवळ, फरशी, सिमेंटचं फुलपाखरू. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या!

सरपंच, तुम्ही मला लहान भावासारखे. हात जोडते. उद्यान नको. नाव नको. तो तुकडा आहे तसा राहू द्या. रविवारी मी चालेन. मला चार-पाचच ओळखता येतात, पण चालेन.

मी एकटी म्हणून काय होणार? ज्यांना माझं म्हणणं पटतं, त्यांनी हात वर करा. आत्ता, दादाच्या फोटोसमोर.

गोदाकाकू, तुमचा दिसला. आणखी कोणी? मागे? पोरांनो, तुम्ही?

बरं. काकू, हात खाली घ्या, खांदा दुखेल.

उभे राहा सगळे. दोन मिनिटं गप्प राहायचंय. ते आपल्याला चांगलं जमतं.

दादा, नमस्कार करते.