भोपळ्याचा सूड

...नाही, पण मी म्हणते, माणसानं सूड घ्यायचाच तर शेजाऱ्याचा घ्यावा, वरिष्ठाचा घ्यावा, गेला बाजार टेलिफोन कंपनीचा घ्यावा, साडूचा कशाला? साडू म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा हो! पण आमचे हे ऐकतील तर ना. "सूड म्हणजे सूड!" असं म्हणून आरशासमोर दाढी करत होते. अर्धी मिशी गेली त्यात.

आता तुम्ही म्हणाल, भावोजींनी असं केलं तरी काय? सांगते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला यांनी स्वतः स्वयंपाक केला. यांनी! ज्यांना चहाच्या भांड्याचं झाकण कुठलं ते कळत नाही, त्यांनी! महिनाभर पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, मातीचं ते विदूषकाच्या टोपीसारख्या झाकणाचं भांडं आणलं, त्यात मटण, त्यात जर्दाळू, आणि सकाळपासून मंद आचेवर... ताजीन म्हणतात त्याला, मोरोक्कोचा प्रकार. घरभर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू काही कारण नसताना वाटी परत करायला आल्या. पाहुणे बसले, पहिला घास घेतला, हे असे दाराला टेकून उभे, चेहऱ्यावर बाळंतिणीचं समाधान! आणि भावोजींनी चमचा खाली ठेवला. रुमालानं ओठ टिपले.

"छान झालीय हं... भाजी. पण साडूभाऊ, याला ताजीन नाही म्हणत. आम्ही मोरोक्कोत असताना..."

झालं! आम्ही मोरोक्कोत असताना! त्या एका वाक्यावर हा माणूस वर्षानुवर्षं जगतोय हो. चहा दिला, "आम्ही मोरोक्कोत असताना पुदिन्याचा...", गालिचा घेतला, "आम्ही मोरोक्कोत असताना...", नळ गळायला लागला तरी मोरोक्को! पाहुणे सगळे चमचे टाकून तिकडे वळले, "सांगा ना, सांगा ना!" आणि यांचं मटण तिथेच थंड पडलं. त्या दिवसापासून हे हसले नाहीत. झोपेत दात खायचे.

आणि अशातच गावाबाहेर ते हॉटेल निघालं. हॉटेल म्हणायचं नाही हं, फाइन डाइन! मोठं पांढरं ताट, मध्यभागी नखाएवढं वांगं, त्यावर दह्याचा थेंब, आणि आपण कुजबुजत बोलायचं, जणू वांगं झोपलंय. शेफबाई मोरोक्कोत शिकून आलेल्या, पण सामान परदेशी आणायचं नाही असा त्यांचा नेम. या हंगामात, या मातीत पिकेल त्यातच सगळं करायचं! हे तिथे एकटेच जाऊन आले, हेरगिरीला. परत आले ते उड्या मारत!

"अगं, मटणात जर्दाळू म्हणून मी खाल्लं ना, तो भोपळा निघाला! सुकवून मधात मुरवलेला! मला कळलं नाही, तर त्यांना काय कळणार? सूड म्हणजे सूड!"

टेबल राखून ठेवलं. वेटरला आधीच सांगून ठेवलं, पदार्थाची माहिती देऊ नका, गंमत आहे. गंमत! समोर ताई-भावोजी, शेजारी आमचे हे, मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तसे. ताजीन आलं, झाकण उचललं, वाफ वर गेली, भावोजींनी डोळे मिटून घास घेतला...

"अहाहा! याला म्हणतात जर्दाळू! तिकडचंच ऊन हवं याला. इथल्या मातीत जन्मात होणार नाही. आम्ही मोरोक्कोत असताना..."

"शेफना बोलवा!" हे असे ओरडले की शेजारच्या टेबलावरची बाई खुर्चीतून उठली.

शेफबाई आल्या हात पुसत. "जर्दाळू? नाही हो, भोपळा. मागच्या मळ्यातला."

भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात ना, तो मी ताटात बघितला हो! यांचा चेहरा काय फुलला! पण भावोजी? अहो, तेल लावलेला पैलवान तो!

"भोपळाच की! मी तेच म्हणतोय. तिकडेही आम्हाला भोपळाच द्यायचे, जर्दाळू म्हणून!"

संपलं. निसटला! यांच्या घशातून असा आवाज आला, सायकलची हवा सोडल्यासारखा. एवढी हेरगिरी, अर्धी मिशी, सगळं पाण्यात. आणि शेफबाई बिचाऱ्या खूश! "अय्या, तुम्ही तिकडे होतात? कुठल्या शहरात?"

भावोजी पाणी प्यायले. बराच वेळ प्यायले.

"विमानतळावर," ताई म्हणाली.

आमची ताई हो! जी कधी वर मान करून बोलली नाही ती! चमचा शांतपणे खाली ठेवला तिनं. "विमान बिघडलं होतं. काचेच्या आत बसवून ठेवलं आम्हाला, दुसरं विमान येईपर्यंत. खाल्लं काय, तर यंत्रातून पडणारी बिस्किटं. तीही यांची अडकली, यंत्राला लाथ मारली म्हणून पहारेकरी आला. आणि घरी परतल्यापासून मी काही रांधलं की 'आम्ही मोरोक्कोत असताना'! इतकी वर्षं गिळलं मी. आज भोपळ्यानं तोंड उघडलं, म्हणून मीही उघडलं."

मग तिनं भावोजींच्या ताटातलं मटण आपल्या ताटात घेतलं आणि सावकाश जेवली.

आता यांनी नाचायला हवं होतं की नाही? सूड म्हणजे सूड! पण भावोजी असे बसले होते, पावसात भिजलेल्या उशीसारखे, आणि आमचे हे त्यांच्याकडे बघून घसा खाकरत काय म्हणाले असतील?

"नाही पण... विमानतळ म्हणजे तसा देशातच येतो की हो."

"तुम्ही गप्प बसा!" ताई आणि मी, एका सुरात.

शेफबाईंनाच दया आली. म्हणाल्या, "रविवारी शिकवणी घेते मी. या दोघेही." आणि गेले की! दोघं साडू, एका रंगाचे ॲप्रन, गळ्यात गळे! आता दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात सराव चालतो, एक भोपळा किसतो, दुसरा मध चाखतो, ताई बाहेर पेपर वाचत बसते, राणीसारखी.

सूड यांनी आखला, उगवला ताईनं, अद्दल घडली भावोजींना... आणि त्या मातीच्या भांड्याच्या बुडाशी करपलेलं खरवडत कोण बसलंय, सांगा बरं?