अडकलेल्यांसाठी एक पान

सून : नाही बाबा, दोनशे चौदा पानं ठेवून चालणार नाही. वेबसाइट एकाच गोष्टीची हवी.

मेकॅनिक : एकाच गोष्टीची आहे की! लिफ्टची.

सून : लिफ्ट ही एक गोष्ट झाली? दोरांवर एकोणीस पानं, ब्रेकवर बावीस, दारांच्या कुलपांवर... अहो, एकतीस!

मेकॅनिक : कुलपांना कमीच झाली. लिफ्टदुरुस्तीत चाळीस वर्षं काढली, त्यातली निम्मी त्या कुलपांत गेली.

सून : आणि वाचणारे? गेल्या महिन्यात कुलपांची पानं दोघांनी उघडली. एक मी, शुद्धलेखन तपासायला.

मेकॅनिक : आणि दुसरा?

सून : तुम्ही.

मेकॅनिक : बरं बरं. मग लोक वाचतात तरी काय?

सून : एकच पान. 'लिफ्टमध्ये अडकलात तर'. नऊशे जणांनी वाचलंय.

मेकॅनिक : ते? ते तर तू मागे लागलीस म्हणून चहा निवेपर्यंत खरडलं. त्यात काही राम नाही गं.

सून : लोकांना तेच लागतंय. म्हणून म्हणते, साइट फक्त अडकलेल्यांसाठी ठेवू या. बाकीचं काढू.

मेकॅनिक : वा! म्हणजे जन्मभर मी लिफ्टा चालत्या ठेवल्या, आणि मागे काय उरणार, तर बंद पडलेली.

सून : तसं नाही हो...

मेकॅनिक : तसंच आहे. निवृत्त झालो त्या दिवशी हत्यारांची पेटी कंपनीत जमा केली. डोक्यात होतं तेवढं माझं म्हणून घरी आणलं, आणि या साइटवर ठेवलं. आता तेही तू भंगारात काढ.

सून : भंगार कोण म्हणतंय? पण बाबा, तुम्ही हे सगळं कुणाला सांगताय, तेच वाचताना कळत नाही.

(साइटवर दिलेल्या नंबरचा फोन वाजतो. सून तो स्पीकरवर टाकते.)

बाई : हॅलो? तुमच्या साइटवर नंबर होता... मी लिफ्टमध्ये अडकलेय. एकटीच आहे.

मेकॅनिक : बेल दाबलीत?

बाई : कधीच. वॉचमन म्हणतोय, माणूस निघालाय. मी तुमचं पान वाचतेय, तर त्यात पहिलंच काय, तर पाटीवरचा मॉडेल नंबर टिपून घ्या! मी आता नंबर टिपत बसू?

मेकॅनिक : मरू द्या ती पाटी. ज्या गाढवाने ते लिहिलं, त्याच्याकडे मी बघतो. तुम्ही खाली बसा, ताई. पाठ भिंतीला लावा.

बाई : बसले. पण हे खाली तर नाही ना पडणार?

मेकॅनिक : नाही. वर एक दोर नसतो, चार-पाच असतात, आणि तुम्हाला पेलायला त्यातला एकसुद्धा पुरतो. हवा फटींतून येत राहते. फक्त दाराशी झटापट करायची नाही.

बाई : काका, वर काहीतरी खडखडलं!

मेकॅनिक : जड दार ओढल्यासारखं?

बाई : हो, तसंच.

मेकॅनिक : मशीनरूमचं दार ते. माणूस पोचला. आता जरा वेळ काहीच ऐकू येणार नाही, तो मेन स्विच बंद करतोय. मग 'टक्' होईल. दचकायचं नाही, ब्रेक सोडला म्हणून समजा.

बाई : ...झालं. टक् झालं! हललं, काका, हललं!

मेकॅनिक : हलू द्या. हाताने चाक फिरवतोय बिचारा, म्हणून हिसके देत येतंय.

बाई : थांबलं.

मेकॅनिक : मजल्याला लागली. आता तो खाली उतरून बाहेरून किल्ली घालेल. बारीक आवाज, दात खाल्ल्यासारखा. ते कुलूप.

बाई : आला. आला... अगं बाई, उघडलं!

सून : ठेवला वाटतं फोन. नावही नाही सांगितलं.

मेकॅनिक : नाव घेऊन काय करायचंय? बाहेर पडली ना.

सून : बाबा, पाणी घ्या जरा.

मेकॅनिक : चाळीस वर्षं मी त्या लिफ्टच्या वर होतो गं. आतून कुणी ओरडलं की वाटायचं, गप बसा की, काम करू द्या. आतल्या माणसाला काय ऐकू येत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

सून : मग... काय ठेवायचं?

मेकॅनिक : तू म्हणतेस त्याहून कमी. एकट्याने आत कोंडलेल्याला काय काय ऐकू येतं, आणि ते कशाचं असतं. एवढंच. बाकी काढून टाक.

सून : कुलपांची एकतीस पानं?

मेकॅनिक : त्यातली एक ओळ ठेव. कुठली, ते मी सांगतो.

सून : आणि एवढ्याशावर साइट किती तग धरेल, बाबा?

मेकॅनिक : एकेकाला लिफ्ट हलेपर्यंत पुरली, तरी बास.