एका परातीतलं जेवण

आता हसू येतं, पण तेव्हा आमची अडीच वर्षांची ओवी दोन घासांच्या वर जेवत नव्हती, आणि मुलांना कसं भरवावं याचे व्हिडिओ बघून बघून मी अर्धी झाले होते. त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत टँकर आठवड्यानं यायचा. नेमके तेव्हाच कन्नडहून सासूबाई आणि दीर आले. मी सगळ्यांची ताटं मांडली, तर सासूबाईंनी ती उचलून ठेवली.

"एवढी घासायला पाणी कुठंय, बाई? एका परातीत बसू."

त्यांनी परातीत भाकरी कुस्करली, वर येसरची झणझणीत आमटी ओतली.

"आई, ओवीला तिखट नको हं. आणि सगळ्यांचे हात एकातच..."

"तिला कोण देतंय? आपण जेवू. लई भूक लागली."

खरंच कुणी तिच्याकडं बघेना. ओवी परातीभोवती दोनदा फिरली आणि माझ्या नि काकाच्या मधे घुसली. दिरानं घास उचलला तसा तिनं त्याचा हात धरला.

"माझाय!"

नाक गळत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पोरगी खायची थांबेना. माझा घास हातातच राहिला. शेवटी तिनं बोटांनी परात पुसून चाटली आणि वर बघितलं.

"अजून?"

मला तर रडूच आलं. सासूबाईंनी मात्र परात उजेडाकडं धरून निरखली.

"घ्या! ही घासायचंबी पाणी वाचलं."