तांब्याचा दगड झाला त्याची गोष्ट

माझं माहेर देवगडकडचं, लग्न होऊन आले ती भांडुपलाच, आणि आमचे हे मुलुंडच्या कारखान्यात फिटर, स्वभावाने इतके गरीब की नळावर भांडण लागलं तर कळशी घेऊन मागे फिरायचे, भांडायची मी, काय सांगू तुम्हाला.

तर संप झाला, गेटवर दगडफेक झाली. कोणी केली देव जाणे. त्यात मॅनेजरसाहेबांचं डोकं फुटलं, ते पडले, तेव्हा हे आणि आमच्या शेजारचा बाबल्या, दोघेच धावले. बाबल्याने साहेबांची मान उचलून धरली, हे तांब्या घेऊन पाणी पाजायला वाकले, आणि तेवढ्यात पेपरवाल्याने फोटो काढला.

सकाळी पेपरात बघते तर बाबल्या नायच. तो होता तिथे नुसती भिंत. ह्यांच्या हातातला तांब्या काळा, गोल, दगडच तो. खाली रक्ताने भरलेला साहेब आणि त्याच्यावर वाकलेले आमचे हे.

पोलीस घेऊन गेले. बाबल्या बोंबलून सांगत होता मी होतो ना तिथे, तर त्याला म्हणाले, फोटोत कुठे आहेस तू? साहेबांना शुद्ध नव्हती, ते काय सांगणार.

मी पेपरच्या ऑफिसात गेले. फोटोग्राफर माणूस चांगला, त्याने मूळ फोटो दाखवला, त्यात सगळं होतं, बाबल्या, तांब्या, सांडलेलं पाणीसुद्धा. मी तो संपादकांपुढे धरला, म्हटलं हा छापा. ते म्हणाले, बाई, फोटो धूसर होता, आमच्या आर्टिस्टने ब्रश फिरवून जरा उठाव दिला, छपाईसाठी करावंच लागतं. मी म्हटलं, साहेब, उठाव द्यायला माणूस पुसावा लागतो काय? त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. छापलं नाय ते नायच.

त्याच मूळ फोटोवर कोर्टाने ह्यांना सोडलं. पण कोर्टात काय झालं ते कोणाला ठाऊक, पेपर सगळ्यांनी बघितला होता. कारखान्याने परत घेतलं नाय, दुसरीकडे जातील तिथे विचारायचे, तुमीच ना ते दगडवाले. मग जायचेच बंद झाले. बोलायचेही.

परवाच्या मे महिन्यात थोरलीचं लग्न झालं. फोटोला सगळे उभे राहिले, हे मांडवाबाहेर जाऊन बसले, किती बोलावलं, उठेनात. स्टुडिओवाला म्हणतो, काकी, टेन्शन नको, काकांचा जुना फोटो द्या, असा चिकटवतो की कळणार नाय. मी नको म्हटलं.

पोरगी सुखात राहूदे, एवढंच मागते देवाकडे. ह्यांच्यासाठी मागायचं मी सोडलं.