प्लायवूडच्या अलीकडे

— नाही नाही, काढू नका, राहू द्या डोळ्यांवर, चष्मा बसलाय कसा ते आधी बघू दे मला. मान सरळ. हं. आणि मास्क माझ्या तोंडावर आहे म्हणून तुम्ही पर्स चाचपायला नको, ताई, ते दिवस गेले. सगळे असंच करतात — आधी माझ्याकडे बघतात आणि मग दचकतात, आपण काही विसरलो की काय म्हणून. बसा निवांत. स्क्रू ढिला झालाय, एवढंच. आता द्या इकडं. — ही काडी कोणी वळवली हो? नाही, बिघडवली नाही, बिघडवली असती तर काही वाटलं नसतं. चांगली वळवलीय. टोक किंचित आत, कानामागं हलकेच बोट ठेवल्यासारखं. असं सगळे नाही वळवत. मी सरळ खाली घेते, आमचे बाबाही तसंच घ्यायचे. आत वळवणारी एकच. नदीपलीकडच्या गावात घेतलात ना चष्मा? बाई आहे दुकानात? बोलघेवडी? — वाटलंच. इकडं कुणाकडं आला होतात? मावशीकडं. बरं बरं.

माझी धाकटी बहीण ती. सख्खी. कशाला दचकता, दिसत नाही आम्ही सारख्या, आणि दिसत असलो तरी अर्धं तोंड झाकलेलं, कळणार कसं? हे दुकान आमच्या दोघींचं. म्हणजे आधी बाबांचं, मग त्यांचेच डोळे अधू झाले — चष्मेवाल्याचे डोळे गेले, लोकांना भारी गंमत वाटायची — मग आम्ही दोघी. मी आत बसून काचा घासायची, बसवायची. गिऱ्हाईक सगळं तिचं. मी मूळची घुमी हो. आता बडबडतेय म्हणून तुम्हाला पटणार नाही, पण घरात बोलायची ती, आणि मी नि बाबा ऐकायचो. तर ती साथ आली. सुरुवातीला सगळंच बंद होतं तेव्हा भांडण नव्हतं, वरच्या खोलीत तिघं पत्ते कुटत बसायचो, बाबा पत्ता नाकाला लावून बघायचे आणि तरी लबाडी करायचे — खरं सांगू, बाहेर माणसं मरत होती आणि आमचं बरं चाललं होतं. असं म्हणू नये. पण चाललं होतं.

बिनसलं ते दुकान उघडल्यावर. मी दारावर पाटी लावली, मास्क असेल तरच आत या. बाबांची छाती आधीच नाजूक, जिना चढले की धाप लागायची, मी काय करायला हवं होतं? आणि ही म्हणते, पाटी काढ. का, तर अर्धा चेहरा झाकलेल्या माणसाला फ्रेम कशी निवडून द्यायची? नाक दिसत नाही, गालाची हाडं दिसत नाहीत. "ताई, मी काय कपाळाला चष्मा विकू?" असं म्हणाली. आता ह्यात खोटं काय होतं? काही नाही. तिचं खरंच होतं. पण माझंही होतं ना. घरातल्या घरात राहिलं असतं तर मिटलंही असतं, पण कोपऱ्यावरचा वाद्यांच्या दुकानाचा मालक — आम्ही त्याला भोंगा म्हणायचो, आवाजच तसा — तो आला उघड्या तोंडानं. मी दारात आडवी. तो ओरडतोय, हे काय तुरुंग आहे काय, सरकारची चमची आहेस तू. आणि माझ्या पाठीमागून ही म्हणते, "या हो काका, बसा." माझ्या पाठीमागून! मग मात्र माझा तोल गेला. रस्ताभर माणसं जमली होती, मी ओरडले — घरात म्हातारं माणूस आहे, लाज कशी वाटत नाही तुला? तर तीही तेवढ्याच वरच्या पट्टीत — म्हातारं माणूस वर कोंडून घातलंय, त्याची लाज कुणाला आहे? कुणीतरी फोन वर धरला होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बेकरीवाला फक्त माझ्याशी बोलायचा, शिंपीण फक्त तिच्याशी. ओळख ना देख अशी माणसं तिला येऊन शाबास म्हणायची आणि मलाही. दोघींना शाबासकी, आणि जेवायला दोघी वेगळ्या.

मग हे — हे मागं दिसतंय ना, दुकानाच्या मधोमध, प्लायवूड? हेच. सुतार दारात उभा राहून विचारतो, "बाई, खरंच ठोकू?" मी म्हटलं ठोक. दार दोन फळ्यांचं, एक फळी तिची, एक माझी. मास्कवाले इकडून, बिनमास्कवाले तिकडून. हसू नका — हसा, हसा, लोक हसायचेच. पण धंद्याला बरं, कुणी परत जात नव्हतं! फक्त बारीक स्क्रूड्रायव्हर एकच होता, बाबांचा. खाली बोटभर फट ठेवली होती सुतारानं, त्यातून सरकवायचो. बोलायचं नाही. तिनं टकटक केलं की मी सरकवायची, मी टकटक केलं की ती. तिचं हसणं ऐकू यायचं मला दिवसभर. गिऱ्हाइकाला सांगितलेला विनोद इकडं मला कळायचा, आणि मी तोंड दाबून — म्हणजे मास्क होताच म्हणा.

बाबांना काही झालं नाही. ना ताप, ना खोकला. मी होऊच दिलं नाही. तिला जिना चढू दिला नाही, मागच्या खोलीत झोपायला लावलं, ताट दाराशी ठेवायची नि चार पावलं मागं सरायची. ते वरून काठी आपटायचे. काही हवं असायचं असं नाही, खाली कोणी आहे का बघायला. मग सगळं संपलं, माणसं मोकळी फिरायला लागली, आणि मी म्हटलं आता त्यांना खाली आणू, खुर्ची टाकू दारात — तर एका सकाळी उठलेच नाहीत. झोपेत. वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले. ह्यात कोण बरोबर ठरलं सांगा? कुणीच नाही. तिनं मात्र त्यांना पोचवून आल्यावर इथं, ह्याच जागी उभं राहून मला म्हटलं, "ताई, तू त्यांना जगवलंस गं. पण माणसांत नाही ठेवलंस." आणि आठवड्यात सामान बांधून गेली.

ह्याला उत्तर होतं माझ्याकडं. आहे. रोज देते मी तिला. काचा घासता घासता पुटपुटते, मास्कच्या आत ओठ हलले तर कुणाला दिसतात? म्हणून तर हा अजून — जाऊ द्या. सवय झालीय, धुळीचा त्रास होतो, असं समजा. पलीकडची बाजू भाड्याने मागतात लोक. मी म्हणते, बघू.

बरी आहे ना ती? सहज विचारतेय. दुकान चालतं ना? गर्दी असते? — काय? मास्क? ती? ती मास्क घालते? अहो काय सांगता! म्हणजे शेवटी बाईसाहेबांना — थांबा, हे मला ऐकायचंय, कधीपासून? काय म्हणाली ती? —

गाठ. कुठं? बरं. आणि औषधं चालू आहेत. त्यानं ताकद जाते अंगातली, जरा काही लागलं की — हो, माहितीय मला. टोपी घालते. उन्हाळ्यात टोपी घालते. तुम्हाला सांगितलं तिनं. चष्म्याच्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या तोंडावर होता? नव्हता. नाही, तुमची काय चूक, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. दारावर पाटी नाही लावलेली? नाही. कशी लावेल? सगळ्या रस्त्यासमोर बोललेली ती, ती आता कुठल्या तोंडानं मागेल? लोक येत असतील आणि खोकत असतील समोर, आणि ही त्यांना विनोद सांगत असेल. तिच्या चष्म्यावर वाफ येते म्हणालात? येणारच. मास्क नाकापाशी दाबून बसवायचा असतो आणि वर चष्मा टेकवायचा, तिला कोण दाखवणार? तिथं आहे कोण तिच्याजवळ?

झाला तुमचा चष्मा. घ्या. पैसे राहू द्या, राहू द्या म्हटलं ना. उठा आता, मला शटर ओढायचंय. — भर दुपार आहे, कळतंय मला. उद्या उघडं असेल की नाही नाही सांगता येत. कुठली बस घेतलीत तिकडून, तेवढं सांगा, आणि या तुम्ही.