सालीसकट मोजलेलं लाकूड

बंदरावरच्या परवाना-खिडकीत बसलेल्या कारकूनबाईंना रांगेतल्या आरागिरणीवाल्या काकांचं आणि त्यांच्या पुतणीचं बोलणं ऐकू येत होतं.

“शेजारच्या बेटानं यंदा आपल्या दुप्पट लाकूड बाहेर पाठवलं. आपणही गिरणी बंद करून ओंडकेच पाठवू.”

“काका, ते अख्खे ओंडके मोजतात, सालीसकट. आपण कापलेल्या फळ्या मोजतो. दोन्हीकडे ओंडके धरले तर बरोबरी होते.”

“खरंच?”

“झाडं तेवढीच पडली. वर आपल्याकडे बारा घरांना काम मिळालं.”

“मग काल काय तोंड शिवलं होतं?”

“काल तुम्ही ऐकत होतात?”

काका खिडकीशी आले.

“ओंडक्यांचा परवाना ना?” बाईंनी विचारलं.

“नाही हो. करवतीचं नवं पातं बाहेरून मागवायचंय. त्याचा अर्ज द्या.”